मुदत कोण देतो? : करारातील काळ आणि त्याचे मराठी भाषांतर

'मुदत' या नामाला मराठीत लागणारी क्रियापदे एकत्र मांडली, तर एका मोठ्या व्यवहाराचा इतिहास समोर येतो. मुदत मागितली जाते, दिली जाते, वाढवून घेतली जाते. ती पाळली जाते, भरते, टळते, उलटते. यांतील पहिली तीन क्रियापदे दोन माणसांवाचून संभवतच नाहीत. मागणारा कोणी असतो, देणारा कोणी असतो, आणि त्या दोघांत सत्तेचे, गरजेचे व भिडेचे काही नाते असते. 'कालावधी' या शब्दाला ही क्रियापदे सहजी चिकटत नाहीत. कालावधी 'विहित' असतो, 'निश्चित करण्यात येतो', 'समाप्त होतो'. तो कोणी विहित केला आणि कोणाच्या सोयीसाठी, याचे उत्तर त्या वाक्यात नसते. ते विचारण्याची गरजही वाचकाला भासत नाही. करारातील काळविषयक संज्ञांच्या भाषांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा पर्यायी शब्दांच्या याद्यांपाशी थांबते. शब्द संस्कृत असावा की रूढ, सुबोध असावा की काटेकोर, एवढ्यावरच वाद होतो. प्रस्तुत लेखात वेगळा प्रश्न विचारावयाचा आहे : या भाषांतरात मुदत देणारा माणूस कुठे गेला?

पुण्याच्या गुलटेकडी भागातील मार्केट यार्ड हे हा प्रश्न विचारण्यास सोयीचे ठिकाण आहे, कारण तेथे भाषेचे तीन थर एकमेकांत न मिसळता शेजारी नांदतात. दलाल, वायदा, हप्ता, बाकी हे अरबी-फारसी शब्द. पणन, विनियमन, अनुज्ञप्ती हे १९६३ च्या कृषि उत्पन्न पणन अधिनियमाबरोबर आलेले संस्कृत शब्द. आणि बिल, चेक, क्रेडिट हे इंग्रजी. भुसार बाजारातील एकाच पोत्याभोवती तीन निरनिराळ्या मुदती फिरत असतात. शेतकऱ्याला त्याच्या पट्टीचे पैसे केव्हा मिळणार, ही पहिली. किरकोळ दुकानदाराने अडत्याला उधारी केव्हा फेडावयाची, ही दुसरी. आणि ती न फेडल्यास अडत्याने किती दिवसांत न्यायालयात जावयाचे, ही तिसरी. बोलताना तिन्हींना 'मुदत' हाच शब्द. कायद्याच्या इंग्रजीत मात्र दुसरी आणि तिसरी या सर्वस्वी वेगळ्या संकल्पना आहेत : एक करारातून जन्मते, दुसरी संसदेच्या अधिनियमातून. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या अनुसूचीत त्यांची सांगड कशी घातली आहे पाहा. विकलेल्या मालाची किंमत देण्यास मुदत ठरली नसेल, तर दाव्याची तीन वर्षे माल दिल्यापासून मोजावयाची (अनुच्छेद १४); उधारीची मुदत ठरली असेल, तर ती संपल्यापासून (अनुच्छेद १५). म्हणजे अडत्याने ऋणकोला दिलेली मुदत जेथे संपते तेथे कायद्याने अडत्याला दिलेली मुदत सुरू होते. मराठी वाक्यात दोन्ही ठिकाणी एकच शब्द आला की वाचक गोंधळतो, हे भाषांतरकारांचे गाऱ्हाणे खरे आहे. त्यांनी त्यावर शोधलेला इलाज मात्र तपासून पाहावयास हवा.

मराठीत या क्षेत्रातील शब्द बदलण्याचा पहिला संघटित प्रयत्न शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचा. राज्याभिषेकानंतर तयार झालेल्या या कोशाच्या दहा वर्गांपैकी अखेरचा पण्यवर्ग आहे, म्हणजे बाजाराचाही विचार त्यात झाला होता. दरबारी पत्रव्यवहारातले फारसीचे प्रमाण पुढे घटले, हे सर्वमान्य आहे. परंतु मुदत, करार, वायदा, हप्ता, तारीख यांना बाजाराने हात लावू दिला नाही. विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीने 'तारीख' या शब्दाला 'दिनांक' हा उत्तम पर्याय दिला आणि तो शासकीय पत्राच्या कोपऱ्यात कायमचा बसला. तरीही न्यायालयात 'तारीख पडते', 'तारीख मिळते', 'तारीख घेतली जाते'. दिनांक पडल्याचे कोणी ऐकलेले नाही. पर्यायी नाम देता येते. त्या नामाभोवती शतकानुशतके जमलेली क्रियापदे देता येत नाहीत. कोशकारांचे अपयश मोजताना आपण नामे मोजतो, हीच मुळात चूक आहे.

मुदतीच्या भाषांतराची खरी किंमत पुणे जिल्ह्याने एकोणिसाव्या शतकात मोजली. ही हकिकत इतिहासाच्या पुस्तकांत शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाखाली नोंदलेली असते; तिच्याकडे भाषांतराची घटना म्हणून क्वचितच पाहिले जाते.

इंग्रजपूर्व व्यवहारात देणे काळाने मरत नसे. ऋण हे पुत्रपौत्रांवर येणारे कर्तव्य मानले जाई. त्याला मर्यादा होती ती रकमेची : दामदुपटीच्या नियमाप्रमाणे एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नसे. काळ मोकळा आणि रक्कम बांधलेली, अशी ती व्यवस्था होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने हे उलटे केले. नोंदणी न झालेल्या साध्या खतावर दावा लावण्यास तीन वर्षे, असा दंडक आला. पूर्वीची मुदत याहून पुष्कळ लांब होती. या तरतुदीमागे ऋणकोचे रक्षण हाही एक हेतू होता. जुनी, साक्षीदार मेलेली, शाई पुसट झालेली खते उकरून कोणी कोणाला छळू नये, हे तत्त्व म्हणून वावगे नाही. घडले ते असे की, तीन वर्षे भरत आली की सावकार कुणब्याला बोलावून नवे खत लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल आणि चढलेले व्याज मिळून नव्या खताचे मुद्दल होई. मुद्दलच वाढत गेल्यावर दामदुपटीचा नियम कागदावर शाबूत राहूनही हाती काही उरत नसे. रक्कम बांधणारा जुना नियम आणि काळ बांधणारा नवा नियम, दोन्ही एकाच वेळी पाळले जात होते आणि दोन्ही मिळून कुणब्याला बुडवीत होते.

येथे भाषेने काय केले हे पाहण्यासारखे आहे. 'खताची मुदत संपत आली' हे वाक्य कुणब्याच्या कानांनी ऐकावे. त्याच्या भाषेत मुदत म्हणजे सावकाराने त्याला दिलेला वेळ. ती संपते आहे म्हणजे आपण गुन्हेगार ठरतो आहोत, आता गयावया करून ती वाढवून घेतली पाहिजे, असाच अर्थ त्याला लागणार. वस्तुतः संपत होती ती सावकाराची मुदत. नव्या खतावर अंगठा न उठवता कुणबी नुसता स्वस्थ बसता, तर काळ त्याच्या बाजूने होता. स्वस्थ बसल्यास सावकार लगेच दावा लावील आणि पुढच्या पेरणीला दाणा देणार नाही, ही भीती होतीच. सारा दोष शब्दाच्या माथी मारणे भाबडेपणाचे होईल. तथापि एकाच शब्दाने दोन उलट्या दिशांच्या मुदती दाखविल्यामुळे कायद्याने दिलेले संरक्षण त्याच्या भाषेत धमकी होऊन पोहोचले, असे मानण्यास जागा आहे. इंग्रजी संज्ञेतील 'मर्यादा' ही धनकोवर घातलेली मर्यादा आहे, ही एक गोष्ट 'मुदत' या शब्दाने सांगितली नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, दंगा उसळला आणि पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांवर फारसा नव्हता. त्यांना खते आणि हुकूमनामे हवे होते. कागद हाती आले की ते जाळले जात आणि बहुधा जमाव निघून जाई. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने कारणांत मुदतीच्या कायद्याचाही समावेश केला, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांवरील दाव्यांची मुदत वाढविली : नोंदलेल्या खतास बारा वर्षे, इतर बाबतींत सहा. ऋणकोच्या भल्यासाठी धनकोला अधिक वेळ द्यावा लागला! या तरतुदीतील विरोधाभास इंग्रजीत कळतो. मराठीत 'दाव्याची मुदत वाढविली' असे म्हटले की ती कृपा कोणावर झाली, हे समजावून सांगावे लागते. महादेव गोविंद रानडे यांनी याच अधिनियमाखाली न्यायाधीश म्हणून अनेक वर्षे काम केले. कायद्याचा पाठ आणि रयतेची बोली यांतील हे अंतर त्यांच्याइतके जवळून पाहिलेली माणसे थोडी असतील. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात कागद, कारकून आणि कचेरी यांच्यापुढे हतबल झालेला जो शेतकरी दिसतो, त्याची हतबलता निरक्षरतेची आहे असे आपण म्हणतो. ती या एका अर्थाने भाषांतराचीही आहे.

कालगणनेचा प्रश्न याहून सरळ वाटतो, परंतु तोही फसवा आहे. मितीवर चालणाऱ्या व्यवहारात चार महिन्यांची मुदत म्हणजे सुमारे एकशे अठरा दिवस. इंग्रजी चार महिने भरण्यास एकशे वीस ते एकशे तेवीस दिवस लागतात. मध्ये अधिक मास आल्यास मुदत महिन्याने पुढे जाते की नाही, हा प्रश्न निराळाच. त्यातून पुण्याच्या बाजारात अमान्त आणि पूर्णिमान्त अशा दोन गणना शेजारी होत्या. मारवाडातून आलेल्या कागदावरील 'कार्तिक वद्य पंचमी' ही येथील पंचांगात आश्विन वद्य पंचमी असते. शुद्ध पक्षात मात्र दोघांचा महिना एकच. नावानेच वाचणारा एक महिना चुकेल. मुदतीच्या कायद्याने ही गुंतागुंत एका वाक्यात निकालात काढली : या कायद्यापुरते सर्व लेख ग्रेगोरियन पंचांगानुसार केले आहेत असे मानावे (१९६३ च्या अधिनियमाचे कलम २४). आधीच्या १९०८ च्या अधिनियमात या कलमाखाली उदाहरणेच दिली होती, आणि त्यांतला हिंदू केवळ देशी मिती घालून चार महिन्यांची वचनचिठ्ठी लिहितो. त्याची मिती कायद्याने त्याच्या वतीने परस्पर भाषांतरित केली. पण त्याच १९६३ च्या अनुसूचीत, परस्पर चालू खात्यावरील बाकीसाठी, तीन वर्षे ही शेवटची नोंद ज्या वर्षातली असेल त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजावयाची आहेत, आणि ते वर्ष खात्यात जसे धरले असेल तसेच धरावयाचे आहे (अनुच्छेद १). दिवाळीच्या पाडव्याला वही बदलणाऱ्या दुकानाचे वर्ष येथे शाबूत राहते. एकाच अधिनियमाने एके ठिकाणी मिती पुसली आणि दुसऱ्या ठिकाणी चोपडीपुढे मान तुकविली. कायदा नेहमीच भाषेवर मात करतो असे मानणाऱ्यांनी हे दोन पाठ शेजारी ठेवून वाचावेत.

हुंडीच्या बाबतीत तर कायद्याने भाषांतराचा नादच सोडला. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील संलेखांविषयीचा स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात राखून ठेवला. त्यामुळे दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, हुंडी सकारणे, हुंडी पटणे ही शब्दसृष्टी आपल्या रिवाजासह टिकली. त्याच अधिनियमाच्या कलम २२ मध्ये मुदती संलेखास तीन दिवसांची सवलत आहे. इंग्रजीत त्या दिवसांना कृपेचे दिवस म्हणतात. आरंभी ती खरोखरच धनकोची कृपा होती. व्यापारी रिवाजाने तिचा हक्क झाला आणि कृपा करणारा विस्मृतीत गेला. खुद्द इंग्लंडने १९७१ मध्ये ही सवलत रद्द केली. मुदतीतून माणूस गळून पडण्याची प्रक्रिया केवळ मराठीत किंवा केवळ वसाहतीमुळे घडली, असे समजण्याचे कारण नाही.

शब्दयोगी अव्ययांकडे भाषांतराच्या चर्चेत फारसे कोणी पाहत नाही. 'पासून' घ्या. 'सोमवारपासून दुकान उघडे' म्हटल्यास सोमवार त्यात असतो. कायद्याच्या मोजणीत मात्र ज्या दिवसापासून मुदत मोजावयाची तो पहिला दिवस वगळतात. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम ९ आणि मुदतीच्या कायद्याचे कलम १२ दोन्ही हेच सांगतात. मराठी माणूस दोन्ही टोके धरून मोजतो. म्हणूनच सात दिवसांच्या मापाला आपण 'आठवडा' म्हणतो, आणि 'आठ दिवसांनी या' म्हणणाऱ्या अडत्याकडे सोमवारचा माणूस पुढच्या सोमवारीच जातो, मंगळवारी नव्हे. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि पंधरवड्याला 'पंधरा दिवस' म्हणतात. रोमन मोजणीची ती सवय. ही मोजणी कमी शास्त्रशुद्ध नाही, निराळी आहे. नोटिशीत 'आजपासून आठ दिवसांच्या आत' असे लिहिणारा वकील कोणत्या भाषेत मोजतो आहे, यावर एका दिवसाचे, आणि प्रसंगी एका दाव्याचे, भवितव्य ठरते.

आता 'वाजवी'. करारात वेळ ठरली नसेल तर ती वाजवी वेळेत पाळावी आणि वाजवी म्हणजे किती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम ४६ म्हणते. हा शब्द मार्केट यार्डात भावाला लागतो. वेळेला तो लावणे तेथील कानाला थोडे परके वाटते, कारण वेळ मालच ठरवतो. मेथीच्या जुडीची वाजवी वेळ सकाळपुरती, हळदीची काही महिन्यांची. याज्ञवल्क्यस्मृतीत खरेदी केलेल्या वस्तूच्या परीक्षेसाठी मालागणिक दिवस दिले आहेत : बियाण्यास दहा, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. इंग्रजी कायद्याने जे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले ते तेथे मालाच्या स्वभावावर सोडले आहे.

कलम ५५ मधील 'काळ हे कराराचे सार असणे' हा वाक्प्रयोग भाषांतरकाराची खरी कसोटी पाहतो. 'सार' म्हणजे पिळून काढता येणारे, संक्षेपाने सांगता येणारे. येथे तसे काही नाही. काळ जेथे कराराच्या केंद्रस्थानी असतो तेथे तो चुकल्यास समोरच्या पक्षाला करार रद्द करण्याचा अधिकार मिळतो. म्हणून 'मर्म' हा शब्द मला अधिक योग्य वाटतो; मर्मावर घाव बसला की देह धोक्यात येतो. मात्र करार आपोआप मरत नाही. तो ठेवावयाचा की टाकावयाचा हे वचनग्रहीता ठरवतो. उशिराचे पालन त्याने स्वीकारले आणि त्या वेळी नोटीस दिली नाही, तर भरपाईही गेली. म्हणजे कलमाच्या पोटात मुदत देणारा माणूस जिवंत आहे. स्थावराच्या विक्रीत काळ हे मर्म आहे असे गृहीत धरू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९३ मध्ये चांद राणी खटल्यात पुन्हा सांगितले. मालाच्या विक्रीची गोष्ट वेगळी. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे कलम ११ म्हणते की, करारातून निराळा उद्देश दिसत नसेल तर किंमत देण्याची वेळ हे मर्म मानू नये. माल पोचविण्याची वेळ महत्त्वाची ठरू शकते. पैसे देण्याची वेळ सामान्यतः नाही! ज्याचा माल पहाटे विकला गेला आणि ज्याला संध्याकाळच्या एसटीने गावी परतावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने मर्म नेमके उलट जागी आहे. या जागी 'सार' लिहा की 'मर्म', कलमाचा पक्षपात तसाच राहतो. 'मर्म' लिहिल्याने तो निदान टोचतो.

१९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला, १९७३ च्या केंद्रीय अधिनियमाने प्रादेशिक भाषांतील पाठांना प्राधिकृत दर्जा देण्याची सोय झाली, आणि २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. या काळात घडलेली विधिभाषा उपहासाने उडवून लावणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. 'परिसीमा' या हिंदीमार्गे आलेल्या शब्दात 'सीमा' आहे, म्हणजे कुणावर तरी घातलेली मर्यादा, आणि १८७५ चा गोंधळ आठवल्यास दाव्याच्या मुदतीला वेगळे नाव असणे हिताचेच. आक्षेप आहे तो 'करार' हटवून 'संविदा' आणण्याला. धर्मशास्त्रातील संविद्‌व्यतिक्रम हे विवादपद समूहाच्या ठरावभंगाचे आहे. दोन व्यक्तींच्या देण्याघेण्याचे नाव म्हणून ते आणताना त्याचा जुना अर्थही सोडला आणि बाजाराचा शब्दही. 'मुदतबाह्य' हा शब्द मात्र उत्तम आहे, बहुधा घडविणाऱ्याच्या कल्पनेपेक्षाही उत्तम. तीन वर्षे उलटलेले कर्ज मेलेले नसते, केवळ दाव्याच्या दाराबाहेर उभे असते. ऋणकोने ते फेडण्याचे लेखी व सहीचे वचन दिल्यास कलम २५ प्रमाणे ते बंधनकारक होते. उपाय गेला तरी ऋण उरते, हा भेद 'बाह्य' या पदाने नेमका पकडला आहे. औषधाच्या बाटलीवरील 'मुदतबाह्य' मुळे तो झाकोळतो एवढेच. हाच भेद करार अधिनियमाच्या कलम २८ मध्ये दीर्घकाळ घोळत होता. दाव्याची मुदत कमी करणारी अट व्यर्थ, पण ठरावीक काळानंतर हक्कच नाहीसा करणारी अट चालते, असा अर्थ लावून, विशेषतः विम्याच्या करारांत, ही पळवाट वापरली जाई. १९९७ च्या दुरुस्तीने ती बुजविली.

शेतकऱ्याच्या पहिल्या मुदतीकडे, पट्टीच्या पैशांकडे, कायद्याचे लक्ष अलीकडे गेले ते २०२० च्या केंद्रीय कृषि-व्यापार अधिनियमात. तो बाजार आवारांच्या हद्दीबाहेरील व्यापारासाठी होता, म्हणजे मार्केट यार्डाच्या भिंतीपर्यंत येऊन थांबणारा. २०२१ मध्ये तो निरसित झाला. त्याच्या कलम ४ प्रमाणे व्यापाऱ्याने शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे द्यावयाचे होते, आणि प्रक्रियेच्या दृष्टीने तसे आवश्यक असल्यास जास्तीत जास्त तीन कामाच्या दिवसांत. कोणाची प्रक्रिया, आणि आवश्यकता कोणी ठरवावयाची? इंग्रजी वाक्यात याला कर्ता नव्हता. कामाचा दिवस बाजाराचा, बँकेचा की सरकारचा, हेही त्या शब्दांत दिसत नव्हते. अडत्याच्या पेढीपुढे उभा असलेला शेतकरी हेच मराठीत सांगता, तर 'व्यापाऱ्याने माझ्याकडून तीन दिवसांची मुदत घेतली' असे म्हणाला असता, आणि ती आपण दिली होती की नाही, हेही त्याला लगोलग सांगावे लागले असते.